दडा

फॉर्मवर छापलंय: कान भरल्यासारखा वाटतो का?
हो, नाही, कधीकधी.
दड्याला इंग्रजीत खण नाही.
एकवीस वर्षं मी शेफिल्डच्या हॉस्पिटलांत
इकडचं दुखणं तिकडच्या भाषेत पोचतं करते
आणि माझ्या कानाचं मात्र
एका टिकेवर भागवते.

पहिला फुगा गेल्या मार्चमधला.
नाकातून आत सरकला, शेवयीएवढा,
मिठाच्या पाण्यानं फुगला,
दोन मिनिटं थांबला, परत आला.
भिजवलेले पोहेसुद्धा याहून जास्त वेळ घेतात.
मग अकरा आठवडे
काय काय ऐकलं म्हणून सांगू!
रात्री फ्रीज स्वतःशीच कण्हतो.
जिना चढताना मुकुलच्या गुडघ्यात
वाळकी शेंग फुटते.
हिल्सबरोच्या वळणावर ट्राम
आधी किंकाळी गिळते, मग सोडते.
मुकुल म्हणाला, आता तू हळू बोलतेस.
मी म्हटलं, आता तू बोलतोस.

जूनमध्ये नणंदेला आणायला मँचेस्टरला निघालो,
स्नेक पासच्या चढावर दडा बसला.
जांभई दिली, लिमलेटची गोळी चघळली,
नाक चिमटीत धरून गाल फुगेपर्यंत फुंकलं.
ग्लॉसप आलं.
डोंगर उतरला, कान उतरला नाही.

तेव्हापासून माझा आवाज मलाच मोठा,
घागरीत तोंड घालून बोलावं तसा,
आणि बाकीचं जग
शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखं.

सप्टेंबरात रॉदरहॅमच्या फडतरेबाई,
मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या.
डॉक्टरांनी पोट दाबून विचारलं.
त्या म्हणाल्या, दुखतं बाई.
मी ऐकलं, दुखत नाही.
तेच पुढे दिलं, नेहमीच्या माझ्या सपाट सुरात.
डॉक्टरांनी पुन्हा दाबलं, जोर लावून.
त्या किंचाळीला दुभाषी लागला नाही.

त्याच दिवशी ऑफिसला कळवलं.
आता फक्त कागद करते,
अपॉइंटमेंटची पत्रं, उपाशीपोटी येण्याच्या सूचना.
कागद पुटपुटत नाहीत.

मिस्टर ओल्डरॉयड म्हणाले, अजून एकदा बघू.
इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत,
मिस्टर म्हणतात, जणू तो
नळ दुरुस्त करायला आलाय. आणि आलाच आहे.
वचन नाही दिलं त्यांनी, पेन दिलं.
संमतिपत्रावरची चौथी ओळ मला तोंडपाठ,
किती जणांना वाचून दाखवली असेल:
नळी पुन्हा बंद होण्याची शक्यता असते.
कधी कोणी पुढे काही विचारलं नाही.
मीही नाही विचारलं.
सही केली, खाली तारीख.

कऱ्हाडहून आईचा फोन.
सोनारानंच कान टोचावेत हे खरं गं,
पण एकाच सोनाराकडे दोनदा?
डावा कान चांगला आहे माझा,
तरी म्हटलं, ऐकू येत नाहीये, रेंज नाही.

भूल देणारी मुलगी म्हणाली, दहापासून उलटे मोजा.
मी मराठीत मोजले. सातापर्यंत आठवतात.
जागी झाले तर उजवीकडे नर्स,
तिचे ओठ हलतायत.
दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही,
विमान नाही, शिंक आली तर तोंड उघडून.
हे सगळं तिनं परत सांगितलं
डावीकडे येऊन.

आज पाचवी रात्र.
स्वयंपाकघरात अंधारात उभी आहे, अनवाणी.
फ्रीज गप्प.
आवंढा गिळला.
आत काहीतरी हललं,
चिमणीनं तारेवर पाय बदलावा, एवढंच.
पुन्हा गिळला. काही नाही.
फ्रीजच्या दारावर तळहात ठेवला.
थरथरतोय.
हाताला कळलंय.
अजून थोडा वेळ उभी राहते इथे.